तगादा, धरणे आणि दावा : पोटकंत्राटदाराच्या थकलेल्या बिलाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ले उभे राहतात. मनमाडकरांच्या बाबतीत तर ते साहजिकच आहे, कारण अंकाई-टंकाईची जोडी आपल्या शेजाराला आहे. परंतु आज मी किल्ल्याचा इतिहास सांगणार नाही. मी बिलाचा इतिहास सांगणार आहे. आणि तोही चुकत्या झालेल्या बिलाचा नव्हे, थकलेल्या बिलाचा.

हा विषय मनमाडला सांगण्यासारखा आहे असे मला का वाटले, ते आधी सांगतो. आपले गाव रेल्वेने घडवले. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला. १८७८ मध्ये दौंडचा मार्ग येथे येऊन मिळाला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारा मीटर गेज मार्ग झाला. आणि १९०६ मध्ये पुलांचे पोलादी गर्डर तयार करणारा रेल्वेचा कारखाना येथे निघाला. या सर्व कामांची माहिती काढू लागलो की कंपनीचे नाव सापडते, मुख्य इंजिनियराचे सापडते, मोठ्या मक्तेदाराचेही सापडते. पण ज्याने प्रत्यक्ष माणसे उभी केली, फावडी-घमेली आणली, सुरुंगाला बत्ती दिली, त्या पोटकंत्राटदाराचे नाव बहुधा कोठेच सापडत नाही. त्याचा उल्लेख दफ्तरात येतो तो त्याचे भांडण झाले तरच; आणि त्याचे भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून होते. काम झाले, पैसा आला नाही.

आज तरी स्थिती फार निराळी आहे काय? समजा, आपल्या गावातील एका वेल्डरने एका मोठ्या कंत्राटदाराकडून गोदामाच्या छपराचे काम घेतले. लोखंड उधारीने आणले, चार पोरे कामाला ठेवली, दोन महिन्यांत काम पुरे केले. बिल दिले. उत्तर मिळाले, “वरून आले की देतो.” वरच्याला विचारावे, तर तो त्याच्या वरच्याकडे बोट दाखवणार. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे म्हणणे वरवर पाहता बरोबर दिसते. पण पोरांची मजुरी शनिवारी द्यावीच लागते, आणि लोखंडाचा दुकानदार महिनाअखेर दारात येतोच. पोटकंत्राटदार हा असा विलक्षण प्राणी आहे की तो एकाच वेळी धनकोही असतो आणि ऋणकोही असतो. त्याचे येणे सावकाश येते आणि देणे मात्र धावत येते. या दोहोंच्या वेगातील जो फरक, तोच त्याचा सारा संसार.

हा फरक कोणी सोसावा, या एका प्रश्नाचा इतिहास म्हणजे आजचे व्याख्यान.

शिलेदाराचे येणे

ही गोष्ट इंग्रजांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या फौजेतील शिलेदार आठवा. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. मोहिमेला निघण्यापूर्वी त्याला ‘नालबंदी’ म्हणून आगाऊ रक्कम मिळे. बाकीचा हिशेब मागाहून. पथकाच्या मुख्याला सरदाराकडून पैसा यावयाचा, सरदाराला सरकारातून किंवा सरंजामाच्या उत्पन्नातून, आणि तोही पुष्कळदा सावकाराच्या पेढीवरून. म्हणजे आपले साधन, आपली माणसे, थोडी उचल आणि बाकी येणे. आजच्या पोटकंत्राटदाराची सारी लक्षणे या शिलेदारात आहेत.

पगार चढला म्हणजे तो काय करी? पहिला उपाय तगादा. तगादा हा शब्द आज आपण नुसता ‘मागे लागणे’ या अर्थी वापरतो. पेशवाईत तो वसुलीचा एक रीतसर मार्ग होता. पेशव्यांचे राज्य गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. साध्या विनवणीपासून आरंभ होऊन ऋणकोच्या दारावर माणूस बसवणे, त्याचे येणे-जाणे अडवणे, इतक्या पायऱ्यांनी तो चढत असे. दुसरा उपाय धरणे. धनकोने ऋणकोच्या दारात बसावयाचे, स्वतः जेवावयाचे नाही आणि आतल्यालाही सुखाने जेवू द्यावयाचे नाही. फौजाही सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरीत. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून अशा धरण्यांविषयी लिहून ठेवले आहे.

या दोन्ही उपायांचे मर्म एकच होते. पैसा बुडवणाऱ्याला लोकांसमोर उघडे पाडणे. पैसा देण्याचे सामर्थ्य नसेल तर तो हात जोडील. सामर्थ्य असून देत नसेल तर लाजेल. या रीतीत जुलूम होता यात शंका नाही. बळकटाचा तगादा दुर्बळाच्या जिवावर उठे, आणि दुर्बळाचे धरणे बळकटाचा दरवान उधळून लावी. तथापि एवढे म्हटले पाहिजे की त्या रीतीला विलंबाची चीड होती. धरणे धरणारा “तीन वर्षांत निकाल लावा” असे म्हणत नव्हता. “आज जेवण्यापूर्वी लावा” असे म्हणत होता.

बोरघाटाची शिडी

आता आपण आगगाडीकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी १८४९ मध्ये करार झाला. त्या करारातील एक कलम या कथेत फार महत्त्वाचे आहे. भागीदारांनी घातलेल्या भांडवलावर सालीना पाच टक्के उत्पन्नाची हमी सरकारने दिली होती. आगगाडी धावो वा न धावो, नफा होवो वा तोटा होवो, लंडनमधील भागीदाराचे पाच टक्के सुरक्षित होते. आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून जावयाचे होते. हा शिडीचा वरचा टोक झाला. त्याला ‘वरून आले की देतो’ असे सांगण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे आपण सारे जाणतो. तो मार्ग फेव्हियल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांनी बांधला होता. यांतील विल्यम फेव्हियल याने पुढे बोरघाटाचा मक्ता घेतला. काम मोठे अवघड. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद. म्हणजे आठ महिन्यांत वर्षाचे काम उरकावयाचे. माणूसबळ लागले तेही तसेच प्रचंड. १८६१ च्या सुमारास, काम ऐन भरात असता, या घाटात बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे राबत होती. आजच्या हिशेबानेही ते एक शहरच म्हणावे लागेल.

एवढी माणसे एक इंग्रज मक्तेदार स्वतः ओळखणार कशी? म्हणून शिडी उभी राहिली. सर्वांत वर रेल्वे कंपनी. तिच्याखाली मुख्य मक्तेदार. त्याच्याखाली युरोपीय पोटकंत्राटदार आणि देखरेख करणारे. त्यांच्याखाली आपल्याकडचे मुकादम. मुकादमाखाली टोळी, आणि टोळीत पुरुष, बायका, मुले. काम खालून वर जाई आणि पैसा वरून खाली येई. कंपनीच्या इंजिनियराने काम मोजावे, दाखला द्यावा, मग मक्तेदाराला रक्कम मिळावी, त्याने पोटकंत्राटदाराला द्यावी, पोटकंत्राटदाराने मुकादमाला, मुकादमाने टोळीला. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा अडे आणि थोडे दिवस जात. वरच्या पायरीवर आठ दिवसांचा उशीर झाला तर खालच्या पायरीपर्यंत येता येता त्याचा महिना होई. आणि वर मोजणीवरून वाद निघाला, खडक निघाला की मुरूम निघाला, दर कोणता लावावयाचा असा तंटा पडला, म्हणजे खाली चूल विझे.

१८५९ च्या जानेवारीत या घाटात मोठा दंगा झाला. मजुरी थकलेले मजूर देखरेख करणाऱ्या गोऱ्या लोकांवर चालून गेले. सरकारची झोप उडाली. कारण १८५७ चे बंड नुकतेच शमले होते, आणि डोंगरात हजारो माणसे हातात कुदळी घेऊन एकत्र आलेली. चौकशी झाली. बंडाचा वास घेत गेलेल्यांना तेथे सापडली ती थकबाकी. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये फेव्हियलने मक्ता सोडला.

पुढे हा मक्ता सॉलोमन ट्रेडवेल याने घेतला. तो १८५९ मध्ये पत्नीसह हिंदुस्थानात आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने मक्ता सोडला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती प्रत्यक्ष काम देऊन तिने ते चालू ठेवले, आणि १८६३ मध्ये घाटाचा मार्ग खुला झाला. या बाईचे नाव लोकांना अधिक ठाऊक असावयास हवे. पण आपल्या आजच्या प्रश्नापुरते एवढेच ध्यानात ठेवू की डोंगर तोच, खडक तोच, पटकीची साथही तीच. मक्ता एकाच्या हातून सुटला आणि दुसऱ्याच्या हाती पार पडला. घाट हे नुसते सुरुंगाच्या दारूचे काम नव्हते. ते व्यवस्थेचे काम होते, आणि वेळेवर पैसा पोहोचवणे हा त्या व्यवस्थेचा कणा होता.

आपल्या बाजूचा थळघाट वाइद्स आणि जॅक्सन या मक्तेदारांनी बांधला; तो १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. तेथेही हीच शिडी होती. या शिडीत आपल्या देशातील मोठे मक्तेदार अगदीच नव्हते असे मात्र नाही. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थाने या कंपनीची कामे घेऊन नाव मिळवले. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनीही कंत्राटे घेतली होती. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचे नाव निगडित आहे. इंजिनियर खात्याच्या कारभारावर त्यांनी जी टीका केली, तिच्यामागे केवळ वाचलेले नव्हते. कामावर उभे राहून पाहिलेले होते.

उचल घेणारा आणि पैसे थकवणारा

आता कायद्याने या शिडीकडे कसे पाहिले ते बघू. येथे मला श्रोत्यांचे विशेष लक्ष हवे आहे.

ज्या १८५९ साली बोरघाटात दंगा झाला, त्याच साली सरकारने तेरावा कायदा केला. तो असा की, कामगाराने उचल घेतली आणि काम केले नाही, तर तो फौजदारीस पात्र. मॅजिस्ट्रेटने त्याला काम करण्याचा किंवा पैसे परत करण्याचा हुकूम द्यावा. न ऐकल्यास तुरुंग. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, नववा कायदा आला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरांचे मालकाशी मजुरीवरून तंटे झाले तर मॅजिस्ट्रेटने ते झटपट तोडावेत, असे त्यात ठरले. घाटातील दंग्याचे हे फळ होय. मजुराला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या न लागता न्याय मिळावा, हा त्यातील चांगला भाग. पण त्याच कायद्यात मजुराने करार मोडल्यास त्याला कैदही सांगितली होती. मालकाने करार मोडल्यास मात्र त्याने पैसे भरावे, इतकेच.

हा भेद नीट पाहा. उचल घेऊन काम न करणारा गुन्हेगार; काम करवून पैसा न देणारा नुसता ऋणको. दोघांनीही एकच गोष्ट केली आहे. दिलेला शब्द मोडला आहे. पण एकाला बेडी आणि दुसऱ्याला तारीख! १८५९ चा कायदा १९२० नंतरच्या दशकात रद्द झाला, १८६० चा १९३२ मध्ये. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे हा काटा असा झुकलेला राहिला.

आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. याच १८६० साली भारतीय दंडसंहिता तयार झाली. तिच्या ५०८ व्या कलमात दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरवला. आणि त्याचे उदाहरण म्हणून दिले ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचे! दंडसंहितेची जागा २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी तो गुन्हा कायम आहे. धरणे बंद झाले यात वावगे काही नाही. न्याय दारात नव्हे, न्यायालयात मिळावा हेच योग्य. परंतु जुना दरवाजा बंद करताना नवा दरवाजा तितकाच उघडा असावयास हवा होता. मजुरासाठी तो अर्धा उघडला. मधल्या पोटकंत्राटदारासाठी तो दिवाणी दाव्याचाच राहिला.

१८७२ मध्ये कराराचा कायदा आला. त्याचा पाया असा की ज्याचा ज्याच्याशी करार, त्यानेच त्याच्यावर दावा करावा. पोटकंत्राटदाराचा करार मुख्य कंत्राटदाराशी. म्हणून ज्याच्या जमिनीवर इमारत उभी राहिली त्या धन्याकडे त्याला सामान्यतः थेट बोट दाखवता येत नाही. अमेरिकेत याबाबत निराळी वाट निघाली. वॉशिंग्टन ही राजधानी बांधावयाची होती, तेव्हा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये कायदा करून बांधणाऱ्या कारागिरांचा त्यांच्या पैशापुरता इमारतीवर बोजा ठेवण्याची सोय केली. बोजा असलेली इमारत विकणे अवघड. म्हणून धनीच कारागिराचे पैसे चुकते झाले की नाही हे पाहू लागतो. आपल्याकडे तशी सोय रूढ झाली नाही.

आपल्या कराराच्या कायद्यात तिच्या जवळची एक गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक कारागिराने जाणावी अशी आहे. १७० व्या कलमाप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आणून तिच्यावर कसब केले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवता येते. तेथे शिंप्याचे उदाहरण दिले आहे. कोट शिवला, पैसे मिळेपर्यंत कोट ठेवून घेता येईल. पण शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवता येणार नाही. उधारी दिली की हक्क गेला! आपल्या दुकानात पंप दुरुस्त करणाऱ्याला हे कलम उपयोगी आहे. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन छप्पर चढवणाऱ्याला नाही. त्याने जोडलेले लोखंड त्या जागेचे झाले; त्याच्या हाती उरला तो कागद.

विलंबाला किंमत

विसाव्या शतकात मजुराची बाजू हळूहळू बळकट झाली. १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी देण्याच्या मुदती बांधून दिल्या. आणि रेल्वेच्या कंत्राटदाराकडे, पोटकंत्राटदारामार्फतसुद्धा, काम करणारा मजूर त्या कायद्याच्या कक्षेत आणला. ‘पोटकंत्राटदार’ हा शब्द त्या कायद्यात आहे, तो घाटातील त्या जुन्या शिडीची आठवण देतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पुढचे पाऊल टाकले. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करून घ्यावी. ते जुने कायदे आता नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत, पण तत्त्व टिकले आहे. खालच्या पायरीच्या मजुराला मधल्या पायऱ्या ओलांडून सर्वांत वर पाहण्याचा अधिकार मिळाला.

पण मजुरी निराळी आणि बिल निराळे. वेल्डरच्या पोरांना संरक्षण मिळाले; वेल्डर मात्र ‘व्यापारी’ ठरून उघड्यावर राहिला. वास्तविक त्याच्या बिलात तीन भाग असतात : पोरांची मजुरी, लोखंडाची उधारी, आणि शेवटी उरलेच तर त्याचे स्वतःचे पोट. पोटकंत्राटदार या शब्दात पोट आहे ते उगीच नाही.

त्याच्याकडे कायद्याचे लक्ष गेले ते १९९३ मध्ये. लघुउद्योगांचे पैसे थकवल्यास व्याज द्यावे, असा कायदा त्या साली झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने घेतली. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत, आणि ती मुदत कराराने कितीही वाढवली तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ नये. मुदत ठरलीच नसेल तर पंधरा दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तंटा झाल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. आणि परिषदेचा निवाडा विरुद्ध गेल्यावर न्यायालयात जावयाचे असेल, तर थकवणाऱ्याने पाऊणपट रक्कम आधी भरावी लागते. २०२४ च्या एप्रिलपासून प्राप्तिकराच्या कायद्यानेही यात भर घातली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करातून वजा मिळत नाही.

श्रोतेहो, या कायद्याचे महत्त्व व्याजाच्या दरात नाही. विलंब हीच एक हानी आहे आणि तिला किंमत आहे, हे प्रथमच स्पष्ट म्हटले गेले, यात ते आहे. धरणे धरणाऱ्याला जे उपजत कळत होते, ते कायद्याच्या पुस्तकात यावयास दीडशे वर्षे लागली. इंग्लंडने १९९६ मध्ये याहून एक पाऊल पुढे टाकले. ‘मला मिळाले तर तुला देईन’ ही बांधकामाच्या करारातील अट, वरचा धनी दिवाळखोर झाल्याची बाब वगळता, त्यांनी निष्फळ ठरवली.

तथापि कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मी म्हणणार नाही. नोंदणी काम घेण्यापूर्वी केलेली असावी लागते. पुष्कळ जण भांडण झाल्यावर नोंदणीला धावतात. माल आणि मजुरी मिळून घेतलेल्या बांधकामाच्या कंत्राटाला हा कायदा लागतो की नाही, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. आणि सर्वांत मोठी अडचण कायद्याची नाही, मनाची आहे. जो आज माझे पन्नास हजार अडवून बसला आहे, तोच उद्या मला पुढचे काम देणार आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज केला तर हेही गेले आणि तेही गेले! या भीतीमुळे कायदा कपाटात राहतो आणि पोटकंत्राटदार दारात उभा राहतो.

मग इतिहासापासून शिकावयाचे काय?

पहिली गोष्ट, मोजणी. घाटातले तंटे मजुरीचे दिसले तरी त्यांतील पुष्कळांचे मूळ मोजणीत असणार. किती खडक फोडला आणि कोणी मोजला, यात. आपल्या मोजमापवहीवर दुसऱ्या पक्षाची सही नसेल, तर ते येणे नव्हे, ती आशा होय. काम चालू असताना सही मागितली तर ती मिळते, कारण तेव्हा समोरच्याला आपली गरज असते. काम संपल्यावर मागितली तर तीच सही महाग होते. सांगितल्याहून जादा काम करावयाचे झाल्यास, त्याची चिठ्ठी त्याच दिवशी घ्यावी.

दुसरी गोष्ट, मुदत. आपल्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे केलेल्या कामाच्या पैशाचा दावा साधारणतः तीन वर्षांत आणावा लागतो. “उद्या या” असे तीन वर्षे तोंडी ऐकत राहिले तर उद्या उगवतो, पण दावा मावळतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तेथून नवी मुदत धावते. म्हणून गोड बोलणारा ऋणको भेटला तर त्याच्याकडून चहा घेण्यापूर्वी दोन ओळी लिहून घ्याव्यात. “आपल्याकडे माझे इतके येणे आहे, कृपया कबूल करावे,” एवढे लिहिण्यात भांडण नाही. उलट भांडण टाळण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, टप्पे. शिलेदार नालबंदी घेतल्याशिवाय घोड्यावर बसत नसे. आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने बिल, हे मागण्यात कमीपणा नाही. पहिल्या टप्प्याचा पैसा आला नाही तर दुसरा टप्पा थांबवावा, हे करारातच लिहिलेले असावे. काम पुरे झाल्यावर आपल्या हातात काही उरत नाही, हे शिंप्याच्या कोटाने आपल्याला शिकवले आहे.

आणि चौथी गोष्ट ही कायद्याची नाही, आपल्या स्वतःची आहे. शिडीवर प्रत्येक जण वर पाहून तक्रार करतो. खाली पाहण्याची कोणाला सवय नसते. वेल्डरचे बिल थकले म्हणून तो पोरांची मजुरी थकवतो. पोरगा किराणा दुकानदाराची उधारी थकवतो. आणि तो किराणा दुकानदार कदाचित आपल्या दुकानाच्या छपराचे बिल त्याच वेल्डरला द्यावयाचे राहिलेला असतो! आपल्यासारख्या गावात हे वर्तुळ चार गल्ल्यांत पुरे होते. आज येथे जे बसले आहेत, त्यांपैकी पुष्कळांनी घर बांधताना गवंड्याचे, रंगाऱ्याचे, सुताराचे शेवटचे थोडे पैसे ‘नंतर देऊ’ म्हणून ठेवले असतील. मीही त्यांतलाच एक आहे. माझ्या घराच्या खिडक्या करणाऱ्या सुताराची शेवटची रक्कम मी दिली ती तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपांना माझ्याजवळ पैसे नव्हते असे नाही, मला घाई नव्हती. या व्याख्यानाची तयारी करताना मला बोरघाटातील मजुरांपेक्षा तो सुतार अधिक वेळा आठवला. त्याने धरणे धरले नाही, तगादा लावला नाही; दारात उभा राहून फक्त “साहेब, जमले का?” एवढेच विचारले.

बोरघाटातून आजही गाड्या जातात, थळघाटातून आपली गाडी मुंबईस जाते. बोगद्याचा अंधार आला की आपण घड्याळ पाहतो आणि गाडीला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून त्रासतो. तो बोगदा ज्यांनी खोदला, त्यांना किती दिवसांचा उशीर सोसावा लागला, हे त्या अंधारात क्षणभर आठवावे. आणि घरी पोहोचल्यावर, कोणाचे द्यावयाचे राहिले असेल, तर ते देऊन टाकावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.